उत्तर: पाय मुरगळला की 'शीर चढते' का?

वर म्हटलंय की मुरगळल्यावर शीर चढते आणि चोळली की उतरते. शीर चढत नाही हो! ताणला किंवा फाटतो तो अस्थिबंध, म्हणजे आपलं नेहमीचं लिगामेंट, हाडाला हाड बांधणारा चिवट पट्टा. घोट्याच्या बाहेरून असे 3 पट्टे असतात, तसे नाजूकच. आतल्या बाजूचा मात्र पंख्यासारखा पसरलेला आणि दणकट. म्हणून पाऊल बहुतेकदा आत वळतं आणि सूज येते बाहेरच्या घोट्याखाली. ताज्या दुखापतीवर चोळाचोळ केली तर सूज वाढायचीच भीती.

माझा पाय राजगड उतरताना मुरगळला. आठवड्यात सूज ओसरली, मी खुशाल हिंडायला लागलो. महिन्याभरानं सपाट रस्त्यावर पुन्हा तोच पाय! लिगामेंट नुसती दोरी नाही. त्यातल्या मज्जातंतूंमुळे सांधा किती वाकलाय हे मेंदूला कळत असतं. पट्टा फाटला की ती खबरही नीट पोचत नाही. फिजिओथेरपिस्टनी त्यावर एका पायावर उभं राहायला सांगितलं, जमेल तसं डोळे मिटून. मी दात घासताना करायचो. पहिले काही दिवस बेसिन सोडवत नव्हतं.