बंपरच्या क्रोमला सँडपेपर लावू नये
अँबेसेडर गाडीच्या बंपरवरील गंज सँडपेपरने घासून काढावा, असा सल्ला दिला जातो; त्याच्याशी मी सहमत नाही. शोभेच्या क्रोमचा थर साधारणपणे एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ असतो आणि गंजापासूनचे खरे संरक्षण त्याखालचे निकेल करते. सँडपेपर दोन्ही खरवडतो. वणीकडील आमच्या गावी वडिलांची गाडी वर्षानुवर्षे कोठ्याशेजारी उभी होती. बंपरच्या आतून चिकटलेली काळी माती ओल धरून ठेवत असे, म्हणून मी प्रथम ती धुऊन काढली. मग ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा साबणाच्या पाण्यात भिजवून हलक्या हाताने फिरवला, तेव्हा तपकिरी ठिपके करड्या लगद्यासारखे सुटून आले. पूर्ण वाळवून लगेच मेण लावले. जिथे थराला फुगे आले आहेत, तिथे मात्र पुन्हा प्लेटिंगच (धातूचा मुलामा) करून घ्यावे लागेल.