मदत हवी आहे: 30 जणांची पार्टी, बर्फ टिकवायचा कसा?

वेळ दुपारी 3 ते 6, म्हणजे जेवणाचा प्रश्नच नाही. खर्चाचा मोठा भाग तिथेच वाचतो. पेयांचा हिशोब असा: पहिल्या तासाला माणशी 2 ग्लास, पुढे तासाला 1. ग्लास 200 मिलीचा धरला तर 24 लिटर. बर्फ माणशी अर्धा किलो, एकूण 15 किलो. गाडी अडलीये ती इथे, कारण आइसबॉक्सचं भाडं परवडत नाही.

चुरा लगेच वितळतो. लादी टिकते, पण ग्लासात कशी घालणार? बाटल्या गार करायला बर्फाचं पाणी उत्तम (नुसत्या खड्यांपेक्षा ते बाटलीला सगळीकडून लागतं), मात्र ग्लासात घालायचे खडे त्यात विरघळतील. म्हणून दोन टब वेगळे ठेवावेत का? खड्यांच्या टबाभोवती जाड चादर पुरेल, की थर्माकोल हवाच?