अ‍ॅथलेटिक्स २०२६: प्लेऑफ की पुन्हा 'पुढच्या वर्षी'?

सॅक्रामेंटोकर: २०२३ला ११२ मॅच हरलेली ही बेसबॉल टीम २०२५ला ७६-८६ वर आली. कर्ट्झ रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा), विल्सनची बॅटिंग सरासरी .३११, जोडीला रूकर आणि सोडरस्ट्रॉम. यंदा प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी) नक्की. टीम २०२४नंतर ओकलंड सोडून आमच्या सॅक्रामेंटोत आली म्हणून ओकलंडवाल्यांनी आता रडणं आवरावं. फिलाडेल्फिया, कॅन्सस सिटी, ओकलंड, टीम कायम फिरतीच आहे!

ईस्टबेचा_जोशी: हे वाचून राहवलं नाही. फिरती म्हणे! कॅन्सस सिटीत १३ वर्षांत एकही सीझन निम्म्याहून जास्त मॅच जिंकून संपवला नाही. ओकलंडने ७२, ७३, ७४ सलग वर्ल्ड सिरीज घेतल्या, वर ८९. रिकी हेंडरसनने एका सीझनमध्ये १३० बेस चोरले (पिचर चेंडू टाकतानाच पुढच्या बेसवर पळाला), ते कुठल्या गावचे? २६ सप्टेंबर २०२४ला, ओकलंडमधल्या शेवटच्या मॅचला, मी बाबांना घेऊन गेलो होतो. त्यांना बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. पण ग्राउंड्समन प्रेक्षकांच्या कपात मैदानातली माती घालत होते ते बघून गप्प झाले. आणि तुम्ही म्हणता रडणं!

फ्रीमाँटकर_काकू: स्टेडियम फ्रीमाँटला झालं असतं तर ही वेळच आली नसती. २००६ला घोषणा, २००९ला गाशा गुंडाळला. तिथल्या वॉर्म स्प्रिंग्स भागातल्या लोकांनी ट्रॅफिकच्या नावाने बोंब मारली. त्यात आपले लोक पुढे!

वॉर्मस्प्रिंग्ज९५: मीही होतो त्यात. काकू, तुमच्या दारात ३२ हजारांचं स्टेडियम बांधू दिलं असतंत?

फ्रीमाँटकर_काकू: दिलं असतं. तुम्हाला ट्रॅफिकची नाही, घराच्या किमतीची काळजी. आमच्या सोसायटीत तुळशीवृंदावन कुठे ठेवायचं यावर सहा महिने मीटिंगा घेणारे हेच लोक.

वॉर्मस्प्रिंग्ज९५: तुळस कुठून आली मध्येच? कर्ज मी फेडतोय, तुम्ही नाही.

ईस्टबेचा_जोशी: भांडा तुम्ही. तिकडे मालक फिशर खूश. नेवाडा राज्याने नव्या स्टेडियमसाठी ३८ कोटी डॉलरपर्यंत सरकारी पैसा कबूल केलाय, २०२८ला टीम लास वेगासला.

डावखुरा: पिचिंगवर कोणी बोलणार का? २५ जुलै २०२५ला ह्यूस्टनला कर्ट्झने एका मॅचमध्ये चार होमरन मारले, कबूल. पण त्याच महिन्याच्या शेवटी आपला शेवटच्या इनिंगचा पिचर मेसन मिलर पॅड्रेस टीमकडे गेला. नववी इनिंग टाकणार कोण, कर्ट्झ? बरं, होमग्राउंड म्हणजे मायनर लीगचं १४ हजारांचं मैदान.

सॅक्रामेंटोकर: मिलरच्या बदल्यात लिओ डी व्रीससारखा होतकरू खेळाडू मिळालाय, विसरलात?

डावखुरा: पोरगा अजून विशीतही नाही. चांगला माल विकून भविष्य दाखवायचं, टीमचा तेव्हाचा मॅनेजर कॉनी मॅकने १९१४ नंतर फिलाडेल्फियात हेच केलं.

सॅक्रामेंटोकर: मॅकने नंतर १९२९ आणि ३०ची वर्ल्ड सिरीज जिंकलीच की.

डावखुरा: पंधरा वर्षांनी! तोवर थांबा मग.

ईस्टबेचा_जोशी: बॅटिंग चांगली आहे, हे मान्य. ८५ मॅच जिंकतीलही. वेगासकरांना आगाऊ अभिनंदन.

वॉर्मस्प्रिंग्ज९५: काकू, पार्किंगचा नकाशा टाकतोय, आधी तो बघा.