मदत हवी आहे : घोड्यांचा चारा आणि मुलांची थेरपी, निधी कुठून?

नमस्कार मंडळी. खानापूरजवळ आम्ही टांग्याचे, वरातीचे टाकून दिलेले घोडे सांभाळतो. त्यातल्या शांत घोड्यांवर गरीब घरची विशेष मुलं येऊन बसतात, थेरपिस्ट सोबत असतात. चारशे किलोचं जनावर दिवसाला सात-आठ किलो सुका चारा खातं. कडबा कसाबसा जुळतो. पण दर सहा-आठ आठवड्यांनी खूर तासायला नालबंद कुठे मिळतो आता? पोटशूळ उठला तर डॉक्टरांचं बिल वेगळंच.

ट्रस्टकडे ८०जी (देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता) आहे, आता सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीसाठी, अर्ज करायचाय. कंपनी कायदा २०१३ च्या सातव्या अनुसूचीत, म्हणजे हा निधी कुठल्या कामांना चालतो त्या यादीत, प्राणिकल्याण वेगळं, विशेष शिक्षण वेगळं. मुलांचं नाव पुढे केलं की पैसे लवकर सुटतात म्हणे, पण मग चाऱ्याचं बिल त्यात बसेल का? सीएसआर-१ (हा निधी घेण्यासाठी संस्थेच्या नोंदणीचा फॉर्म) कुणी भरलाय? बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांत कुणाची ओळख असेल तर तेही कळवा.