पहिली रिव्हॉल्वर : ठेवलीत की दिलीत?

जनकगंजकर
आज खंडेनवमी. सकाळी पाटावर लाल कापड घातलं. मुलाने लॅपटॉप ठेवला, सुनेने स्टेथोस्कोप, हिने विळी आणि शिवणाची कात्री. मी आपला पेचकस ठेवला. हळदकुंकू वाहताना हात आपोआप उजव्या कोपऱ्याकडे गेला आणि तिथेच थांबला. चोवीस वर्षं तिथे ती असायची.

बत्तीस बोर, सहा गोळ्यांची, कानपूरच्या सरकारी कारखान्याची. १९९५ साली घेतली. ग्वाल्हेरला बँकेत होतो, बदली झाली भिंडकडे मेहगावला, डाकूंच्या मुलखात. रेमिटन्सला रोकड घेऊन मीच जायचो. मॅनेजर म्हणाले, लायसन्स करून घ्या, मोटार सायकल नंतर घ्या. पीएफमधून पैसे काढले. आईने विचारलं, एवढ्यात सोन्याच्या बांगड्या आल्या असत्या की नाही? आल्या असत्या.

पहिल्याच आठवड्यात बसमध्ये कमरेला लावून बसलो. शेजारी एक म्हातारे ठाकूरसाहेब. गोहद चौराह्याला उतरताना कानाशी वाकून म्हणाले, "बाबूजी, शर्ट ढीला पहना करो. जिसको नहीं दिखनी चाहिए, उसको भी दिख रही है." त्या दिवसापासून ती डब्याच्या पिशवीत तळाशी, वर पोळीभाजी. दोन वर्षांत तिच्या कातडी कव्हराला लोणच्याचा वास लागला तो शेवटपर्यंत गेला नाही.

डाकूंची भीती मला कधी फारशी वाटली नाही. भीती वाटायची ती हरवण्याची. झोपेत उशीखाली चाचपायचो. पावसाळ्यात गंज चढेल म्हणून मशीनचं तेल. शिवाय दर निवडणुकीला ठाण्यात जमा करा, पावती घ्या, निकाल लागला की सोडवून आणा. ९६ ची लोकसभा, ९८ ची लोकसभा, त्याच वर्षी नोव्हेंबरात विधानसभा, ९९ ला परत लोकसभा. नगर निगमच्या वेगळ्या. माझ्यापेक्षा हेड कॉन्स्टेबलची तिच्याशी जास्त ओळख झाली.

२०१९ च्या निवडणुकीला जमा केली आणि निकालानंतर आणायला गेलोच नाही. आधी कंटाळा, मग म्हटलं कशाला. शेवटी दुकानदारामार्फत एका ठेकेदाराच्या मुलाला विकली. त्याने मला एकच विचारलं, "अंकल, फोटो में अच्छी आती है ना?"

१९९५ ला दहा काडतुसं घेतली होती. परत दिली नऊ.

तुमची पहिली कोणती? अजून आहे का घरात? लिहा, आज सुट्टी आहे.

कंपूवाला
दहावं कुठे गेलं??

चिमणी
पेचकस वाचून हसले. आमच्याकडे यंदा पाटावर मिक्सरचं भांडं आहे. पुरण करायचंय, नंतर लिहिते.

दाणाओली
माझी पहिली ती नव्हेच, वडिलांची. पण एक आधी सांगतो, गोल फिरणारं चक्र असेल तर रिव्हॉल्वर, मुठीत मॅगझिन सरकवायचं असेल तर पिस्तूल. लोक सर्रास काहीही म्हणतात. आणि "माउजर" म्हणजे आपल्याकडे वाट्टेल ते.

कंपूवाला
@दाणाओली मास्तर, आणि कट्टा म्हणजे?

दाणाओली
कट्टा म्हणजे सरळ आत.

ग्वाल्हेरी पुण्यात
इथे सोसायटीत सांगितलं की ग्वाल्हेरला लश्कर भागातल्या आमच्या घरी रिव्हॉल्वर होती, तर दोन दिवस लिफ्टमध्ये माझ्याशी कोणी बोललं नाही. तिकडे मात्र मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा तिच्या मामांनी पगाराच्या आधी विचारलं होतं, "लायसन्स है घर में?"

होती तोवर बाबांनी एकदाही चालवली नाही. लग्नात लोक आग्रह करायचे, काका एक तरी फायर होऊ द्या. बाबा म्हणायचे गोळी वर जाते ते सगळ्यांना दिसतं, खाली कुठे येते ते एकालाच कळतं. आता तर कायदाच आहे, २०१९ पासून हर्ष फायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड. तरी पत्रिकेवर छापावं लागतं.

शमी
आमच्याकडे होती. ठेवली नाही. दादा गेल्यावर आईने त्याच दिवशी ठाण्यात पाठवली. बाकी नाही लिहीत.

चिमणी
@शमी अगं. काही लिहू नकोस. संध्याकाळी फोन करते.

जनकगंजकर
शमीताई, माफ करा. सणाच्या दिवशी मी हे काढायला नको होतं.

शमी
नाही हो काका. लिहा तुम्ही सगळे. वाचते आहे.

सुलभा थाटीपूर
आमची "पहिली" मिळालेली आहे आणि अजून मिळालेली नाही, असं प्रकरण आहे. पोळ्या करता करता लिहितेय, चुका पोटात घाला.

बाबांची बत्तीस बोर. परदेशी, जुनी, वेब्ली. बाबांना सत्तरी झाली तेव्हा त्यांच्या मित्रांनी सांगितलं की आता हयातीतच वारसाच्या नावावर करता येते, नवे नियम २०१६ चे आहेत, सत्तर वर्षं झाली किंवा पंचवीस वर्षं जवळ बाळगली की देता येते. बाबांनी दोन्ही भावांना विचारलं. मोठा टोरांटोला, तो म्हणाला बाबा प्लीज. धाकटा पुण्याला, तो म्हणाला इथे मुलं लहान आहेत. मला कोणी विचारलं नाही. मी स्वतःहून म्हटलं मी घेते, तर आई म्हणाली तू काय करणार त्याचं. जसं काही बाबांनी पाच डाकू लोळवले होते.

बाबा गेले करोनाच्या दुसऱ्या लाटेत. तेराव्याच्या आत ठाण्यातून फोन, हत्यार जमा करा. बरोबरच आहे त्यांचं, लायसन्स माणसाबरोबर संपतं. ठाण्यात ठेवली तर गंजेल म्हणून लायसन्सवाल्या दुकानात जमा केली, तेही चालतं. मग मी माझ्या नावाने अर्ज केला. दोन्ही भावांचं ना-हरकत. टोरांटोचं ना-हरकत यायला सात महिने. वैद्यकीय प्रमाणपत्र. हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. शेजाऱ्यांकडे पोलीस चौकशी. शेजारच्या वहिनींनी हवालदाराला सांगितलं, "सुलभाताई फार शांत आहेत, पण कुत्र्यांवर ओरडतात." ते त्याने लिहून घेतलं!!

तर अजून फाइल चालू आहे. दुकानदार दर महिन्याला ठेवण्याचे पैसे घेतो. चार वर्षं मी एका रिव्हॉल्वरचं भाडं भरतेय. नवरा म्हणतो एवढ्यात तिला वन बीएचके आला असता.

कशाला हवी आहे असं विचारू नका. बाबा दर रविवारी ती पुसायचे, वर्तमानपत्र पसरून, आणि आम्हाला चार हात लांब बसवायचे. मला त्या चार हातांच्या अलीकडे एकदा जायचंय.

मिक्सरवाली आत्या
सुलभा तुझी पोळी जळली असणार.

सुलभा थाटीपूर
दोन जळल्या.

झाशी रोड
मी नशीबवान, माझी पहिली कधी आलीच नाही. २०१९ ला आपल्या कलेक्टरसाहेबांनी काढलं होतं बघा, लायसन्स हवं तर दहा झाडं लावा आणि त्यांच्याबरोबर सेल्फी काढून द्या. मी लावली. लायसन्स नाही आलं. दहातले सहा कडुलिंब मात्र दोन मजले उंच आहेत. आता म्युनिसिपालिटीकडे फांद्या तोडायची परवानगी मागतोय, तीही येत नाही.

कंपूवाला
झाडांवर निभावलं म्हणा. शिवपुरीत २००८ ला नसबंदीवर लायसन्स मिळत होतं.

झाशी रोड
म्हणूनच झाडांची वाट बघत थांबलो होतो.

दाणाओली
हाहाहा. झाडांच्याच वर्षी पुढे गोशाळेत दहा कांबळी देण्याचंही निघालं होतं. आमच्या भाच्याने कांबळी दिली. त्याला लायसन्स मिळालं की नाही सांगत नाही, गाई खूश आहेत म्हणतो.

बडोदेकर बाई
बाप रे तुमचं गाव. माझं माहेर ग्वाल्हेर, पण चाळीस वर्षं बडोद्याला, इथे बंदूक म्हणजे एटीएमच्या बाहेर खुर्चीवर झोपलेली. नवमीला आमच्याकडे गरबा. नातीला सांगितलं की आजीच्या माहेरी दसऱ्याला बंदुकीला फुलं वाहायचे तर म्हणते, आजी, तू गँगमध्ये होतीस का?

कोणी सांगेल का, मांढरेच्या मातेला दसऱ्याला शमीपूजन अजून तसंच होतं का? महाराजांनी शमीला तलवार लावली की पानं लुटायला आम्ही पोरं धावायचो.

जनकगंजकर
होतं बाई. गर्दी आता मोबाईलची जास्त.

जुना बाडा
आमच्या आजोबांचं होतं, संस्थानच्या वेळच्या परवान्याचं. कुठलं ते माहीत नाही कारण मी पाहिलंच नाही. जानेवारी ४८ नंतर लश्करात मराठी घरांची जी अवस्था झाली ती जुन्या लोकांनी ऐकली असेलच. गांधीजींवर झाडलेलं ते पिस्तूल ग्वाल्हेरातून गेलं हे कळल्यावर आजीने आजोबांना न विचारता त्यांचं पंच्यात बांधलं आणि रात्री आडात टाकलं. परवाना होता, लपवण्यासारखं काही नव्हतं, पण भीतीला परवाना कोण दाखवणार. ७० च्या आसपास आड उपसला तेव्हा आम्ही सगळे भावंडं काठावर उभे. दोन कळश्या, एक पितळी तांब्या, एक सायकलची चेन. ते नाही निघालं. आजी म्हणाली, मी टाकलं होतं. आजोबा काही बोलले नाहीत. मला आता वाटतं त्यांनी आधीच काढून कुठेतरी दिलं असणार.

हजीरा एक्सप्रेस
त्या विषयावर माझं मत असं आहे की ४८ मध्ये

जनकगंजकर
@हजीरा, हात जोडतो. आज नको. त्याचा वेगळा धागा काढा, मी येणार नाही.

माधवगंज
माझ्याकडे तीन होती. आजोबांची दुनाली, वडिलांची ३१५ रायफल, माझी बत्तीस बोर. २०१९ च्या दुरुस्तीने तीनाची दोन केली, डिसेंबर २०२० पर्यंत एक द्या. घरात महिनाभर चर्चा. मी म्हटलं रिव्हॉल्वर माझ्या कमाईची पहिली, ती राहील, दुनाली कोण चालवतंय आता. दिली दुनाली.

तिच्या दस्त्यावर आजोबांच्या गालाचा डाग होता. तेलकट, हाताएवढा. रिव्हॉल्वरवर माझा कसलाच डाग नाही, कपाटातून काढली तरच ना. चुकीची दिली.

ग्वाल्हेरी पुण्यात
@माधवगंज कळतंय.

इंदूरची मंजू
मी ग्वाल्हेरची नाही तरी लिहू का? आमच्या घरातलं पहिलं पिस्तूल गेल्या वर्षी आलं. मुलीचं. घाबरू नका, दहा मीटरवालं एअर पिस्तूल, छर्रा पॉइंट एकशे सत्याहत्तरचा, त्याला लायसन्स लागत नाही. पॅरिसला मनू भाकरची दोन पदकं आली आणि आमची बारा वर्षांची बाईसाहेब भरतनाट्यम सोडून उभी राहिली. आता दोन तास भिंतीसमोर हात लांब करून नुसती उभी असते. सासूबाईंना वाटलं शिक्षा केली आहे. आज पाटावर तेच ठेवलं होतं, कानात घालायच्या बोंडांसकट. वडील मात्र अजून त्याच्यासमोरून वाकून जातात.

कंपूवाला
आमची सुरुवातही छर्ऱ्यानेच. ग्वाल्हेरच्या मेळ्यात फुगे फोडायचे. नेम वाकडाच असायचा त्या बंदुकांचा, मुद्दाम. यंदा मेळ्यात गाड्यांवर आरटीओची सूट आहे का कोणाला माहीत? डिसेंबरपर्यंत थांबू की आत्ता बुक करू?

झाशी रोड
थांब. घोषणा नेहमी उशिरा होते. माझा मेव्हणा दसऱ्याला घेऊन पस्तावला.

चिमणी
पुरण झालं. मला सांगायचं होतं ते इतकंच की २०१४ ला ते बायकांसाठीचं हत्यार निघालं होतं ना निर्भीक, पाचशे ग्रॅमचं, सव्वा लाखाच्या आसपास, तेव्हा मी शिफ्ट संपवून रात्री अकराला मोरारहून यायचे. ह्यांनी हौसेने सगळी माहिती काढली. मी म्हटलं सव्वा लाखात सेकंडहँड ऑल्टो येते, काचा वर करून येईन. तीच घेतली. ठेवली का विचाराल तर अजून आहे, मुलगा शिकला तिच्यावर.

दाणाओली
सगळं झालं पण जनकगंजकर, दहावं काडतूस?

कंपूवाला
हो! सकाळपासून तीनदा येऊन बघितलं.

जनकगंजकर
सांगतो. ९७ चा आषाढ. मेहगावला खोली घेतली होती, वर पत्रा. दुसऱ्या दिवशी रेमिटन्स होती म्हणून झोप तशीही नव्हती. रात्री अडीचला पत्र्यावर पावलं. एक, दोन, थांबली. मग खरवडल्यासारखा आवाज. दिवे गेलेले. मी ओरडलो, कौन है? उत्तर नाही. परत पावलं, बरोबर माझ्या डोक्यावर. मी वर धरली आणि डोळे मिटून ओढला घोडा.

त्या बंद खोलीत आवाज काय झाला ते सांगता येत नाही. दोन दिवस कानात रातकिडे. वरून एकदम "म्याऽऽओ" अशी किंकाळी आणि पंखांची फडफड. मोर होता. त्याला काही झालं नाही, सकाळी समोरच्या भिंतीवर बसून माझ्याकडे बघत होता.

पण पत्र्याला भोक पडलं, बरोबर खाटेच्या वर. सगळा पावसाळा पोटावर पाणी. घरमालकीण विचारायची, बाबूजी, छत कैसे टपकने लगी? मी म्हणायचो, पुरानी है अम्मा. खाली बादली ठेवली. दिवाळीला माझ्या पैशाने पत्रा बदलून दिला, तर तिने सगळ्या गावात सांगितलं, बँकवाले बाबूजी बड़े भले आदमी हैं.

हिला अजून माहीत नाही. तिला सांगितलं होतं एक काडतूस मोजण्यात चुकलं.

मिक्सरवाली आत्या
भाऊ, वहिनीचा फोन चार्जिंगला आमच्याकडेच आहे आणि ती माझ्या शेजारी बसून हे वाचतेय.

जनकगंजकर
काय म्हणतेय?

मिक्सरवाली आत्या
काही नाही. बांगड्यांचं विचारतेय.