परदेशप्रवास: इन्सुलिनची कुपी आणि सिरिंज यांची जोडी मोडू नका

विमानप्रवासात इन्सुलिन हातातल्या बॅगेतच ठेवा, हे अगदी बरोबर. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात ते गोठू शकतं, आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यायचं. पण आईंना अमेरिकेला नेताय आणि त्या इन्सुलिनचं पेन नव्हे, कुपी-सिरिंज वापरतात असं तुम्ही लिहिलंय, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगते.

आपल्याकडच्या बऱ्याच कुप्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात. लाल टोपणाची सिरिंज त्यांच्यासाठीच. तिकडे कुपी मिळते मिलिलिटरला १०० युनिटची. लाल टोपणाच्या सिरिंजने त्यातून २० च्या खुणेपर्यंत ओढलं, तर प्रत्यक्षात ५० युनिट जातील. जिवावर बेतेल हो! म्हणून सिरिंजा इन्सुलिनबरोबर इथूनच पुरेशा न्या. तिकडचं इन्सुलिन घ्यावंच लागलं, तर सिरिंजही तिकडचीच, मिलिलिटरला १०० युनिटच्या कुपीसाठीची घ्या.

डॉक्टरांची चिठ्ठी इंग्रजीत हवी, औषधाच्या मूळ (ब्रँडच्या नव्हे) नावासह. बर्फाची पिशवी कुपीला थेट टेकू देऊ नका, मध्ये रुमाल ठेवा. वापरात असलेली कुपी २५ अंशांपर्यंत साधारण ४ आठवडे टिकते, त्यामुळे विमानात फ्रिजसाठी धावाधाव नको. साखर अचानक उतरली तर लागणारी ग्लुकोज पावडर मात्र आईंच्या पर्समध्येच, डोक्यावरच्या कप्प्यात नाही.

आणि जेवणाआधीचं इंजेक्शन ताट समोर आल्यावरच; ट्रॉली कधीकधी मध्येच थांबते. घड्याळ बदलल्यावर डोस कधी आणि किती, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.