चर्चमधून आलेली पिशवी : तुमचे अनुभव लिहा

चाळीतली_सुमी

आईची ट्रंक आवरताना वाण्याच्या उधारीची वही सापडली. १९८२ ची. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला, बाबा साचेखात्यात. पहिले दोन-अडीच महिने वहीत नेहमीचाच हिशेब, फक्त आकडे बारीक होत गेलेले. मग वाण्यानं उधारी बंद केली असणार, कारण एप्रिलपासून पानाच्या डोक्यावर वाण्याचं नाव नाही. तिथे आईच्या अक्षरात 'विनसेंट'. खाली : तांदूळ ५ किलो, तूरडाळ १, साखर १, साबण २.

मी तेव्हा आठ वर्षांची. भायखळ्याला चाळीत दहा बाय बाराची खोली. दर गुरुवारी दुपारी दोन फ्रॉकवाल्या बायका यायच्या, एवढं मला लख्ख आठवतं. आम्ही दापोलीकडचे, घरी दीड दिवसाचा गणपती. त्या ख्रिश्चन. पिशवी आली की आई आधी दार लोटून घ्यायची आणि ती खाटेखाली सरकवायची. आई उधारीच्या वहीत दानाचा हिशेब का लिहीत होती, हे तिला अजून विचारलं नाही.

शहरातल्या वस्तीत, चाळीत, परदेशातही, चर्चच्या लोकांनी तुमच्या घराला किंवा शेजाऱ्यांना हात दिला असेल, किंवा तुम्ही स्वतः असं काम केलं असेल, तर लिहा. 'देवमाणसं' आणि 'धर्मांतरवाले' हे दोन्ही शब्द घडीभर बाजूला ठेवू. पिशवीत काय होतं, कोण आलं, काय विचारलं, शेजाऱ्यांना काय सांगितलंत, ते सांगा.

वसईचा_पाव

सुमीताई, त्या दोघी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या. दोघी आल्या हीच खूण. घरभेटीला एकट्यानं जायचं नाही, हा आमचा जुना नियम. मी वसईचा कुपारी, म्हणजे इथला मराठी बोलणारा कॅथलिक, नऊ वर्षं हेच काम करतोय.

२३ एप्रिल १८३३ ला पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या कॉलेजातल्या मित्रांनी हे सुरू केलं. ओझानाम त्या दिवशी वीस वर्षांचा झाला. वादसभेत कुणीतरी डिवचलं होतं, की तुमचं चर्च पूर्वी काय करायचं ते पुरे, आज गरिबांसाठी काय करतं ते सांगा. पोरांकडे उत्तर नव्हतं. ती गेली सिस्टर रोझाली रँद्यूकडे. ही बाई पॅरिसच्या मूफ्तार भागातल्या गरीब वस्तीत काम करायची. कुणाच्या दारात जायचं आणि कसं जायचं, ते तिनं शिकवलं. सोसायटी भटांची नाही, फादरांची नाही, साध्या संसारी माणसांची आहे. चर्चमधल्या तुकडीला 'कॉन्फरन्स' म्हणतात. नाव भारदस्त, प्रत्यक्षात आठ-दहा माणसं, एक टेबल आणि चहा.

मीटिंगच्या शेवटी गुप्त पिशवी फिरते. प्रत्येकानं बंद मूठ आत घालायची आणि उघडून बाहेर काढायची. कुणी पाचशे टाकले, कुणी काहीच नाही, कुणाला कळत नाही. कॉन्फरन्समध्ये एक रिक्षावाले काका होते, त्यांचीही मूठ पिशवीत जायची. आत काय पडायचं देव जाणे.

आता माझी चूक सांगतो. पहिल्याच वर्षी नालासोपाऱ्यात एका घरी गेलो. नवरा दारूत, दोन मुली. मी उत्साहात दहा किलोची तांदळाची गोण खांद्यावर टाकून भर संध्याकाळी गल्लीतून गेलो. नळावर बायका. सगळ्यांनी बघितलं. पुढच्या खेपेला त्या वहिनींनी दारच उघडलं नाही. आतून रेडिओचा आवाज येत होता. माझ्या जोडीच्या आंटींनी जिना उतरताना मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही. तेव्हापासून आम्ही गल्लीतल्या वाण्याशी बोलून ठेवतो. घरातली बाई चार लोकांसारखी दुकानात जाते, सामान घेते, महिनाअखेरीस बिल आम्ही भरतो. रोख हातात देत नाही. नवऱ्यापासून पैसे लपवायचं आणखी एक काम तिच्यावर कशाला? शाळेची फी शाळेत, वीजबिल वीज कार्यालयात.

अवघड काम म्हणजे मदत थांबवणं. मोठी मुलगी नोकरीला लागली, आता पुरे, असं कुणी म्हटलं की मीटिंगमध्ये तासभर भांडण होतं.

घारूअण्णा

बंद मूठ! हे आमच्या गणपती मंडळाला कुणीतरी शिकवा. तिथे एकशे एक रुपये दिले तरी लाउडस्पीकरवर नाव.

नगरी_बाणा

आम्ही मुक्तिफौजेचे. सॅल्व्हेशन आर्मी म्हटलं तर आमच्या आजीला कळायचं नाही. मुक्तिफौज म्हणजे मुक्तिफौज. चर्चच, फक्त हुद्दे फौजेसारखे.

आजोबा नगर जिल्ह्यातून मुंबईला आले ते मुक्तिफौजेतल्या ओळखीवर. उतरायला जागा तिनं दिली, पहिलं काम तिनं दिलं. विल्यम बूथनं १८६५ साली लंडनच्या ईस्ट एंडमध्ये, दारूचे गुत्ते आणि उपासमार यांच्या मधोमध, हे काम उभं केलं. सप्टेंबर १८८२ मध्ये फ्रेडरिक टकर तीन साथीदारांना घेऊन मुंबई बंदरात उतरला. आधी हा सरकारी नोकरीतला साहेब, ती सोडून आलेला. पुढे यानं भगवी वस्त्रं घातली, अनवाणी हिंडला, फकीरसिंग नाव घेतलं. पोलिसांनी पकडून तुरुंगातही टाकलं. आजोबा ही गोष्ट घरच्या माणसाची सांगावी तशी सांगायचे.

वडील गेले तेव्हा मी सहावीत. तिसऱ्या दिवशी कॅप्टनसाहेब आणि त्यांच्या बाई घरी आल्या. (आमच्यात पाळक नवरा-बायको दोघंही अधिकारी असतात. बाई नुसती पाहुण्यांना चहा करणारी नसते.) प्रार्थना केली, आणि मग बाईंनी आईला सरळ विचारलं, "शिवण येतं का?" नव्हतं येत. शिवणवर्गात घातलं. वर्षभर फी नाही. मशीन मात्र फुकट दिली नाही, हप्त्यानं दिली. आई दर महिन्याला हप्ता भरायला मला सोबत घेऊन जायची, पावती मागून घ्यायची आणि ती बायबलात ठेवायची.

आता दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर गोडगोड होईल. आजोबा महार. धर्म बदलला तशी पुढे सवलत गेली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना आणि शिखांतल्या मोजक्या जातींना होता, १९५६ ला सगळे शीख आले, १९९० ला बौद्ध. ख्रिश्चन अजून नाहीत. माझा चुलतभाऊ बौद्ध झालेल्या शाखेतला, त्याला शिष्यवृत्ती होती. मला मुक्तिफौजेची वह्या-पुस्तकं. एकच पणजोबा दोघांचा. गावात गेलो की राहायचं मात्र दोघांनी त्याच महारवाड्यात.

कावळा_करी_काव

माफ करा, पण सगळीकडे असं नाही. आमच्या उपनगरातल्या झोपडपट्टीत एक पाद्री यायचा, कुठल्या चर्चचा ते लिहीत नाही. रविवारी प्रार्थनेला या, मग कूपन मिळेल. कूपनावर धान्य. माझी मावशी जायची. मागच्या बाकावर बसून मनात रामरक्षा म्हणायची आणि कूपन घेऊन यायची. तिला त्यात काही चुकीचं वाटत नव्हतं. मला आजही राग येतो. तिचा नाही, त्या कूपनाचा.

चाळीतली_सुमी

@कावळा, हेही हवंच होतं. मावशींची रामरक्षा वाचून हसू आलं आणि मग नाही आलं.

वसईचा_पाव

@कावळा, आमच्यातही असं करू बघणारे भेटतात. व्हिन्सेंटच्या नियमात धर्म, जात बघायची नाही असं साफ आहे, पण कागदावरचा नियम आणि माणूस यांच्यात अंतर असतंच. तुमचा राग बरोबर आहे.

टपालपेटी

मी 'स्पॉन्सर' मुलगी होते, म्हणजे माझ्या शिक्षणाचे पैसे परदेशातलं एक घर पाठवायचं. एका ख्रिस्ती संस्थेची, नाव नको. पुण्यातली वस्ती, कालव्याच्या कडेची. माझा फोटो ऑस्ट्रेलियातल्या एका घरी फ्रिजवर लावलेला होता, हे त्यांनीच पत्रात लिहिलं होतं. आमच्याकडे फ्रिज नव्हता, त्यामुळे फ्रिजवर फोटो लावतात म्हणजे नक्की काय ते कळेना. मला वाटलं आत ठेवतात.

वर्षातून दोन-तीनदा पत्र लिहायचं. सेंटरवरच्या ताई फळ्यावर मजकूर लिहून द्यायच्या : मी बरी आहे, तुमच्यामुळे मी शाळेत जाते, तुमच्यासाठी प्रार्थना करते. चाळीस मुलं तेच उतरवायची. एकदा मी मधे लिहिलं, की आमच्या घरात पाणी शिरलं आणि माझं दप्तर वाहून गेलं. ताईंनी तो कागद फाडला. 'त्यांना वाईट वाटेल.' नवा कागद दिला. मी पुन्हा लिहिलं, मी बरी आहे.

पण हेही खरं, की फी, गणवेश, दर वर्षी डॉक्टरी तपासणी हे सगळं त्या पैशातून झालं. माझ्या वर्गातल्या वस्तीवरच्या मुलींपैकी दहावी झालेल्या आम्ही दोघीच, दोघीही सेंटरमधल्या. आज मी बँकेत आहे. त्या ऑस्ट्रेलियातल्या काकूंना शोधून खरं पत्र लिहावं असं कधी कधी वाटतं. पत्ता आम्हाला कधीच देत नसत.

ताळेबंद

टपालपेटी, तुमचं वाचून हात थांबला. मी अशाच एका छोट्या ख्रिस्ती ट्रस्टचे हिशेब बघतो. बाहेरून वाटतं परदेशी पैशाचा पूर येतो. २०२० साली एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात बदल झाला : परदेशी देणगी घ्यायची तर खातं स्टेट बँकेच्या नवी दिल्लीच्या मुख्य शाखेतच, आलेली रक्कम दुसऱ्या संस्थेला द्यायची नाही, प्रशासकीय खर्च पन्नास टक्क्यांवरून वीसवर. वस्तीतला आमचा बालवर्ग मोठ्या संस्थेकडून आलेल्या पैशावर चालायचा, तो झराच बंद. बालवर्गातल्या बाईंचा पगार प्रशासकीय खर्च की कार्यक्रमाचा, यावर मी आणि सीए दोन दिवस डोकं फोडत होतो. बाई मात्र रोज नऊला येऊन पोरांची नाकं पुसत होत्या.

देवनारचा_विद्यार्थी

भायखळा आलंच आहे तर शेजारचा नागपाडा राहू नये. अमेरिकन मराठी मिशनचा क्लिफर्ड मॅनशार्ट नावाचा माणूस १९२० च्या दशकात इथे आला आणि १९२७ मध्ये त्यानं 'नागपाडा नेबरहुड हाउस' उघडलं. आजूबाजूला मुसलमान, ज्यू, हिंदू, ख्रिश्चन, गिरणी कामगार, गोदी कामगार. वाचनालय, दवाखाना, मुलांचे खेळ, रात्रीची व्याख्यानं. मिशनरी असून प्रवचनापेक्षा वस्तीच्या कामावर त्याचा भर. १९३६ ला याच इमारतीत सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या पैशातून समाजकार्याचं शिक्षण सुरू झालं, मॅनशार्ट पहिला संचालक. तीच आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, १९५४ पासून देवनारला. आम्ही हिरव्यागार कॅम्पसमध्ये वस्तीकार्य शिकलो, तेव्हा मूळ नागपाड्याच्या गल्लीत आहे हे दुसऱ्या वर्षी कळलं.

गल्ली_क्रिकेट

नागपाडा म्हणजे बास्केटबॉल! भारताच्या संघात तिथली किती पोरं खेळली.

थेम्सकाठची_वहिनी

पूर्व लंडन. २०२२ चा हिवाळा, नवऱ्याची नोकरी गेलेली, गॅस-विजेचे दर दुप्पट. व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदतीचे दरवाजे बंद. फूड बँक ही सरकारी मदत नसते, म्हणून चालते, हे मला मुलाच्या शाळेतल्या बाईंनी सांगितलं. त्यांनीच व्हाउचर दिलं.

चर्चचा हॉल. ट्रसेलच्या जाळ्यातली फूड बँक, ख्रिस्ती संस्था आहे हे नंतर कळलं. आत गेल्यावर आधी टेबलावर बसवतात, चहा-बिस्किट देतात. समोर एक म्हातारे गृहस्थ बसले. प्रश्न एकच, पदार्थांबद्दल : काय खात नाही? मी म्हटलं, बीफ नको. त्यांनी डबे बाजूला केले आणि विचारलं, चणे चालतील? चालतील म्हणजे काय! तीन दिवसांचा शिधा : पास्ता, टोमॅटोचे डबे, टिकाऊ दूध, सीरियल, चण्याचे चार डबे. त्या रात्री छोले केले, गरम मसाला भारतातून आणलेला होता. नवरा जेवला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून शिळे खाल्ले.

सासूबाईंना फोनवर अजून सांगितलेलं नाही. आता शनिवारी मीच त्या हॉलमध्ये डब्यांवरच्या तारखा तपासते. पहिल्यांदा आलेली माणसं लगेच ओळखू येतात, कोट काढत नाहीत.

नगरी_बाणा

कोट काढत नाहीत... बरोबर. आमच्याकडे पहिल्यांदा आलेला माणूस चपला दाराबाहेर काढायचा, सांगितलं तरी आत आणायचा नाही.

चाळीतली_सुमी

काल आईला वही दाखवली. आता पंचाहत्तरीची आहे, पण वहीवर हात फिरवल्यावर सगळं आठवलं. लिहून का ठेवलंस विचारलं, तर म्हणाली, "घेतलं ते लिहायचं नाही? तुझा बाप रोज म्हणायचा, पुढच्या आठवड्यात संप मिटेल."

मग शेवटचं पान काढून दाखवलं. मी ते बघितलंच नव्हतं. 'परत' असं लिहून खाली एकच ओळ : कुळथाची पिठी, अर्धा किलो. आत्यानं गावाहून पाठवलेली. घरात तेव्हा द्यायला दुसरं काहीच नव्हतं. त्या दोघींपैकी उंच बाईंनी पिशवी उघडून वास घेतला आणि हे कसं करतात विचारलं. आईनं दारात उभ्या उभ्या पिठल्याची कृती सांगितली, अर्धी मराठी, अर्धी हिंदी. पुढच्या गुरुवारी बाई आल्या त्या तक्रार घेऊनच. गुठळ्या झाल्या म्हणे. मग आईनं त्यांना आत बोलावलं आणि स्टोव्ह पेटवला.